गोव्यातली रेल्वे, कानाने

शुक्रवार : सावंतवाडी ते मडगाव

भर पावसाळ्यात गोव्याला जायचं, तेही समुद्राकडे ढुंकूनही न बघता रेल्वेचं बोलणं ऐकायला! असा बेत आखून कोकणकन्येत चढलेले आम्ही दोघंच असू. 2023चा ऑगस्ट, अधिक श्रावण चालू होता. सोबत माझा मित्र. हा परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे; रीतसर परीक्षा देऊन सरकारकडून कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) घेतलेला आणि घराच्या गच्चीवर अँटेना उभारून शेजाऱ्यांच्या शंकेला पात्र झालेला. त्याचा हातातला सेट मात्र त्याने मुद्दाम घरी ठेवला होता. का ते आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

अमेरिकेत रेल्वेवेडे लोक रुळांच्या कडेला खुर्ची टाकून, शेजारी स्कॅनर, म्हणजे रेडिओवरचं बोलणं पकडणारा सेट लावून बसतात. तिकडच्या रेल्वे 160-161 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात आणि ते ऐकणं हा तिथे चारचौघांत मिरवण्याजोगा छंद आहे. जिथे सिग्नल नाहीत अशा मार्गांवर डिस्पॅचर (गाड्यांचा नियंत्रक) पुढे जायचा हुकूम रेडिओवरून तोंडी सांगतो, ड्रायव्हर तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवतो, आणि मगच गाडी हलते. रुळांशेजारी बसवलेली यंत्रंसुद्धा बोलतात. गाडी वरून गेली की किती अ‍ॅक्सल मोजले आणि दोष सापडला की नाही, हे यंत्र आपणहून रेडिओवर सांगून मोकळं होतं. मित्राने अशा रेकॉर्डिंग मला इतक्या ऐकवल्यात, की ते 'नो डिफेक्ट्स' माझ्याही कानात बसलंय.

आपल्याकडे हे चालत नाही. परवान्याशिवाय असा सेट जवळ बाळगायलाच कायद्याने मनाई आहे. हॅमला परवाना मिळतो तो त्याच्या पट्ट्यापुरता, हातातल्या सेटसाठी 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ. रेल्वेच्या पट्ट्यात कान घालायची मुभा त्यात नाही. स्टेशनवर असला सेट हातात दिसला तर आरपीएफवाल्याला (रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला) कॉलसाइन आणि परीक्षा समजावत बसावं लागेल, आणि त्या भानगडीत चार गाड्या निघून जातील. "आपण चोरून काही ऐकायचं नाही. जे उघड्यावर बोललं जातं तेवढंच," असं त्याने गाडीत बसतानाच बजावलं.

आणि उघड्यावर बोललं जातं ते थोडंथोडकं नसतं. कोकण रेल्वेवर प्रत्येक गाडीच्या लोको पायलटकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, आणि गार्डकडे वॉकीटॉकी असतो, आणि प्रत्येक स्टेशनात 25 वॉटचा व्हीएचएफ रेडिओ सेट. गार्डला 2022पासून कागदावर 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण फलाटावर अजून कुणी म्हणताना ऐकलं नाही. स्टेशन मास्तरच्या खोलीची खिडकी पावसाळ्यातसुद्धा उघडी असते, कारण आत पंखा फिरला तरी उकडतंच. त्या खिडकीपासून चार हातांवर बाकडं असतं. बाकड्यावर बसायला दहा रुपयांचं फलाट तिकीट पुरतं.

मडगावला उतरलो ते थेट फलाटाच्या टोकाला गेलो, जिथे इंजिन उभं राहतं. ऐकायला हीच जागा धरावी. एका गाडीची ब्रेकची तपासणी चालू होती. ड्रायव्हरच्या खिडकीतून सेटचा आवाज बाहेर येत होता, पितळी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. गाडीच्या लांबीएवढा दूर, शेवटच्या डब्यात गार्ड. तो त्याच्या गेजवरचे आकडे सांगत होता. हिशेब असा : इंजिनात ब्रेक पाइपचा दाब पाच किलो आणि फीड पाइपचा सहा हवा. शेवटच्या डब्यापर्यंत तो किंचित उतरतो, पण उतरून उतरून किती, याला मर्यादा आहे. मग ड्रायव्हर थोडा दाब सोडतो, मागे गार्डच्या गेजचा काटा पडला पाहिजे. पडला, म्हणजे हवेची नळी पुढपासून मागपर्यंत सलग आहे, मध्ये कुठे कॉक बंद राहिलेला नाही. एवढ्या गोष्टीला दोघांची मिळून दहा-बारा वाक्यं लागली. ड्रायव्हरचं हिंदी मल्याळी वळणाचं, गार्डचं अस्सल रत्नागिरीचं. गाडी सुटताना गार्डने हिरवा झेंडा दाखवला, सेटवर "ऑल राइट" म्हटलं, पुढून "ऑल राइट" आलं. आजूबाजूची माणसं भजीपाव खात होती. यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर गेलं नसेल, आणि जायचं कारणही नाही.

सगळा मार्ग विजेवर गेल्याने (हे 2022 साली पुरं झालं) मडगावात ऐकणं सोपं झालंय, हा मित्राचा मुद्दा मला पटला. पूर्वी डिझेल इंजिन फलाटावर धडधडत उभं असलं की चार फुटांवरचं बोलणं कळायचं नाही. आता विजेच्या इंजिनाचे ब्लोअर घोंघावतात, पण मध्येच थांबतातही. त्या फटीत वाक्य पकडायचं. माझं मन मात्र जुन्या धडधडीकडेच आहे, आणि ती ऐकायला दुसऱ्या दिवशी कुळ्याला जायचं होतं.

मडगावच्या स्टेशनपाशी एकेकाळी कोकण रेल्वेची स्कायबस उभी होती, वरच्या रुळाला लोंबकळणारी. सप्टेंबर 2004मध्ये चाचणीत अपघात होऊन एक जण दगावला आणि पुढे 2013मध्ये सांगाडाही काढून टाकला. त्याच कंपनीने गाड्यांची टक्कर टाळायला रेडिओ आणि जीपीएसवर चालणारं उपकरण काढलं होतं. दोन इंजिनं एकमेकांशी रेडिओवर आपसूक बोलून ब्रेक लावतील, ही कल्पना गोव्याच्या या रुळांवर तेव्हाच आली होती. आता देशभर 'कवच' म्हणून जे बसवतायत त्याचंही तत्त्व त्याच जातीचं.

संध्याकाळच्या कुळे पॅसेंजरने सावर्ड्याला उतरलो. कुडचड्यात मित्राची मावशी राहते. मावशीने पानात हुमण वाढता वाढता विचारलं, "म्हणजे तुम्ही बघणार पण नाही, नुसतं ऐकणार? आणि त्यासाठी रजा काढली?" यावर दोघांनीही मान खाली घालून भात कालवला.

शनिवार : कुळे

कुळे हे घाटाच्या पायथ्याचं स्टेशन. इथून वर सोनावळी, दूधसागर, करंझोळ आणि मग कर्नाटकात कॅसलरॉक. 1961पर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीवरचं स्टेशन होतं. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आपण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुरगाव बंदर देशाच्या आतल्या भागाला जोडायला ही लाइन घातली, तेव्हा मीटरगेज होती, आणि ब्रॉडगेज झाली ती थेट 1990च्या दशकात. घाटाचा चढ 37ला 1. रेल्वेच्या हिशेबात हा चढ म्हणजे जवळजवळ भिंत. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला बँकर लावतात, आणि सगळी गंमत या बँकरच्या बोलण्यात आहे.

स्टेशनात उतरल्या उतरल्या आरपीएफचे दोघे जण जवळ आले. महिन्यापूर्वीच दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ देशभर फिरले होते. पाठीवर पिशवी असलेला प्रत्येक जण त्यांना धबधब्याचा उमेदवार वाटत होता. आम्ही फलाट सोडणार नाही हे तीनदा सांगितलं. "मग करणार काय?" "बसणार." यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि सकाळभर दर अर्ध्या तासाने त्यांतला एक जण येऊन आम्ही बसलोय ना ते बघून गेला. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. बोगद्यातून सेल्फी काढत जाणाऱ्या पोरांना वरून उतरणाऱ्या गाडीचा आवाज कळत नाही, कारण धबधबा आणि पाऊस मिळून सगळं गिळतात.

साडेनऊच्या सुमारास कोळशाची मालगाडी आली. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो तो असाच, उघड्या वाघिणींतून. पुढे दोन इंजिनं होतीच. मागे तीन लावायची होती. तीन डिझेल इंजिनं एकमेकांना जोडलेली, यार्डातून उलटी येऊन गाडीच्या शेपटाशी थांबली. पॉइंट्समन खाली उभा, हातात सेट. त्याचं बोलणं फार थोड्या शब्दांचं : "आने दो... आने दो... धीरे... बस." मग कपलर (जोडणीचे आकडे) एकमेकांत बसल्याचा खणखणीत ठोका. मग हवेच्या नळ्या जोडल्या, कॉक उघडला आणि हवेचा लांबलचक फूत्कार आला. तो थांबेपर्यंत कुणी काही बोलत नाही.

त्यानंतर संवाद सुरू झाला तो पुढच्या आणि मागच्या इंजिनात. या दोघांच्या मध्ये अर्ध्या किलोमीटरहून जास्त कोळसा. पुढच्याला मागचा दिसत नाही. सपाटीवर सेट उत्तम चालतो, पण व्हीएचएफच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. घाटात शिरल्यावर पुढचं इंजिन बोगद्यात आणि मागचं वळणाच्या अलीकडे असलं, की मधला डोंगर बोलणं अडवतो. त्यामुळे सेट असला तरी शिट्टीची भाषा इथे सुटलेली नाही. नियमच आहे : पुढच्याने एक आखूड शिट्टी दिली की 'मी निघायला तयार', मागच्याने तशीच एक आखूड दिली की 'मीही तयार'. तीन आखूड म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. एक लांब एक आखूड म्हणजे सोडावा. चार आखूड ऐकू आल्या तर काहीतरी बिघडलंय, गाडी पुढे जात नाही.

सिग्नल पडला. पुढून एक आखूड. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग आमच्या अगदी शेजारून, बँकरमधून, एक आखूड, इतकी जवळून की मित्राच्या हातातला चहा सांडला. आधी मागची तिन्ही इंजिनं गरजली. त्यांनी रेटा दिला तशी वाघिणींमधली ढील मागून पुढे मिटत गेली. कपलरचा ठोका एकामागून एक, आमच्यापासून लांब लांब जाणारा, साठ-एक वाघिणींमधून धावत जाऊन तो पुढच्या इंजिनापाशी संपला. आणि तो संपल्यावर मगच पूर्ण गाडी एकदम हलली. डोळे मिटून बसलेल्या माणसालाही गाडी किती लांब आहे आणि जोर कुठून लागतोय हे कळावं. मी डोळे मिटलेच होते. उघडले तेव्हा आरपीएफवाला समोर उभा होता.

गाडी जंगलात शिरल्यावरही आम्ही बराच वेळ तिच्या मागावर कान लावून होतो. इंजिनांचा आवाज वळणागणिक कमी होई, परत येई. शिट्टीचा एक लांब सूर आला म्हणजे बोगदा किंवा बोर्ड. रुळांच्या कडेचा तो पिवळा बोर्ड सगळ्यांनी पाहिलेला असतो, इंग्रजीत डब्ल्यू/एल आणि हिंदीत सी/फा. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव. घाटातला आवाज पाऊस पडत असताना लवकर विरतो आणि सर थांबली की एकदम दोन वळणं जवळ आल्यासारखा होतो. मित्राने वहीत वेळ टिपून ठेवली होती. तो असल्या गोष्टी टिपतो, मी नुसता ऐकतो.

दुपारी वरून उतरणारी प्रवासी गाडी आली. खाली येणाऱ्या गाड्यांनाही बँकर लागतात, ते ढकलायला नव्हे, धरून ठेवायला. डायनॅमिक ब्रेकचा, म्हणजे इंजिनाच्या मोटरींनीच चाकं आवरण्याचा, तो तारस्वरातला घुमार गाडीच्या आधी पोचतो. चाकांना लावलेल्या ब्रेकचा वासही येतो, जळक्या लोखंडासारखा. गार्ड खाली उतरला, बँकर सोडून देण्याचा निरोप सेटवर गेला, पुढे ड्रायव्हरने परत म्हणून दाखवला. अमेरिकन स्कॅनरवर मित्राने ऐकलेलं 'परत म्हणून दाखवणं' इथेही आहे तर! फरक असा, की तिकडे रेडिओवरचा शब्द हाच हुकूम ठरू शकतो. आपल्याकडे सेटवर कितीही बोला, गाडी हलते ती सिग्नलवर. सिग्नल बिघडला तर ड्रायव्हरच्या हातात कागद पडतो, ठरलेल्या नमुन्याचा, सही-शिक्क्याचा. बोलणं सोयीचं, कागद कायद्याचा. हे वाचून कुणी सरकारी खाक्या म्हणून हसेल. मला हे शहाणपणाचं वाटतं. पावसात खरखरत्या सेटवर 'जाओ' आणि 'मत जाओ' यांत फरक पडायला एक शब्द पुरे.

ही लाइन दुहेरी करायचा बेत होता. मोल्याच्या जंगलातून दुसरा रूळ न्यायचा म्हणून गोव्यात मोठा विरोध झाला आणि मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या तिनईघाट ते कुळे या भागाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. कुळ्याच्या फलाटावर चहा देणारा म्हणाला, "झालं असतं तर गाड्या थांबल्या नसत्या, माझा चहा कोण पिणार?" प्रत्येकाचं पर्यावरण वेगळं.

रविवार : फाटक

रविवारी सकाळी मावशीच्या ओळखीने एका फाटकावर बसायला मिळालं. सावर्डे आणि चांदरच्या मधलं छोटं फाटक, नंबर देत नाही. गेटमन खानापूर तालुक्यातला, मराठी बोलणारा. अट एकच : खोलीच्या आत पाय टाकायचा नाही, पायरीवर बसायचं. आम्ही पायरीवर बसलो, पाठीमागे दार उघडं.

रेल्वे ऐकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आत भिंतीवर मॅग्नेटो फोन. हँडल फिरवलं की पलीकडे घंटी वाजते असा. शेजारी लाल-हिरवे झेंडे, हातातला दिवा, आणि एका डब्यात डेटोनेटर, ज्यांना इथे सगळे फटाके म्हणतात. दाराला खडूने लिहिलेली आजची तारीख. फोन वाजला. स्टेशन मास्तरने गाडीचा नंबर सांगितला, फाटक बंद करायला सांगितलं. गेटमनने बाहेर येऊन दोन्हीकडे बघितलं, एका स्कूटरवाल्याला हाताने थांबवलं, हँडल फिरवून फाटक पाडलं, कुलूप लावलं, आत जाऊन फोन उचलला.

"बंद केलं साहेब. प्रायव्हेट नंबर चार-सात."

पलीकडून त्यांचा आकडा आला. गेटमनने तो वहीत लिहिला, वेळ लिहिली, आणि आपल्या छापील कागदावरचा वापरलेला 47 खोडला. हा प्रायव्हेट नंबर म्हणजे शब्दाला दिलेली कुलूपकिल्ली. दोघांकडे आकड्यांचे वेगवेगळे तक्ते असतात, ओळीने वापरायचे, परत वापरायचे नाहीत. "हो हो, केलं बंद" असं झोपेतसुद्धा तोंडातून निघू शकतं. 47 हा आकडा तक्ता बघितल्याशिवाय निघत नाही. पुढे चौकशी झालीच तर दोन वह्या समोरासमोर ठेवल्या जातात. ना रेडिओ, ना संगणक. पण याच्याइतकी चोख पावती मी कुठल्या कचेरीत पाहिली नाही.

"भाऊ, सेट दिलाय का तुम्हाला?" मित्राने विचारलं.

"मला कशाला? माझं काम फोनवर. ड्रायव्हरला काही सांगायचं झालं तर झेंडा आहे. झेंडा दिसला नाही तर फटाका आहे."

फटाक्याची रीत त्याने पायरीवर खडे मांडून दाखवली. फाटकात ट्रक अडकला, गाडी यायची वेळ झाली, तर लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने धावायचं. 600 मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा. पुढे 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. चाक वरून गेलं की फुटतात आणि ड्रायव्हरने थांबायचंच. धुकं असो, पाऊस असो, सेटची बॅटरी गेलेली असो. मित्र हा सगळा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रेल्वेतला सगळ्यात जुना वायरलेस हाच रे." गेटमनला ते आवडलं. त्याने आम्हाला डब्यातला फटाका दाखवला, हातात दिला नाही.

गाडी आली. डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकल होती. आधी रूळ गुणगुणले, नंतर शिट्टी, मग गाडी. ड्रायव्हरने हात केला, गेटमनने हिरवा झेंडा धरला, शेवटच्या डब्यातून गार्डने झेंडा दाखवला. गेटमनची नजर गाडीच्या शेवटी होती, तिथली 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी दिसली की गाडी अख्खी गेली, मध्ये तुटून राहिली नाही. परत फोन, फाटक उघडलं. स्कूटरवाला कोकणीत काहीतरी पुटपुटत गेला.

या बाजूची माणसं रुळांवरून रागावलेलीही आहेत. 2020च्या नोव्हेंबरात चांदरला दुहेरी मार्गाविरुद्ध हजारो लोक रात्रभर रुळांवर बसले होते, 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत. फाटकावर बसून दिवसभरात जेवढ्या काळ्या वाघिणी जाताना ऐकल्या, त्यावरून त्यांचं म्हणणं समजायला फलक वाचायची गरज पडली नाही. गाडी गेली की पायरीवरून हात फिरवावा, बोट काळं होतं. गेटमन ती पायरी दिवसातून दोनदा पुसतो.

संध्याकाळी माजोर्ड्याला जाऊन आलो. वास्कोची लाइन आणि कोकण रेल्वे इथे जवळ येतात, म्हणून दोघांचं बोलणं एकाच ठिकाणी ऐकू येईल अशी आशा होती. पाऊस इतका कोसळला की फलाटाच्या पत्र्याशिवाय काही ऐकू आलं नाही. वास्कोला जायचा विचार सोडून दिला.

सोमवार : पेडणे

परतीला मुद्दाम पेडण्याला उतरलो, सावंतवाडीची पुढची गाडी धरायला दोन-अडीच तास हातात ठेवून. पेडण्याच्या बोगद्याने कोकण रेल्वेला जेरीस आणलं होतं हे त्या काळची वर्तमानपत्रं वाचलेल्यांना आठवत असेल. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण माती मऊ, वरून कोसळणारी. संपूर्ण मार्ग खुला व्हायला 1998 उजाडलं. आणि ऑगस्ट 2020मध्ये याच बोगद्याची आतली भिंत ढासळून गाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या.

पेडण्याची स्टेशन मास्तरची खिडकी आमच्या बाकड्याच्या अगदी मागे. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी, त्यामुळे मास्तरचा दिवस म्हणजे कुणाला कुठे थांबवायचं याचा. पावसाळी वेळापत्रकात वेग आधीच उतरवलेले, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर 40वर यायचं. आतल्या सेटवर एका ड्रायव्हरने तसं कळवलं. मास्तरने लगेच फोनवर शेजारच्या स्टेशनाला सांगितलं, आणि पाचच मिनिटांत क्रॉसिंगची, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना वाट देण्याची, जागा बदलली. फलाटावरची मंडळी मोबाइलमध्ये बघत होती, तिथे गाडी अजून वेळेवर. एका गृहस्थांना मी सांगितलं, अर्धा तास तरी धरा, निवांत चहा घेऊन या. त्यांनी माझ्याकडे, मग मोबाइलकडे पाहिलं आणि मोबाइलवर विश्वास ठेवला. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली.

मध्ये रो-रो गेली. उघड्या वाघिणींवर भरलेले ट्रक, वेर्ण्याहून कोलाडकडे. 1999पासून चालू असलेली ही सेवा मला अजून नवीच वाटते. ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसलेले, एका केबिनमध्ये टेप चालू, तेही ओझरतं ऐकून झालं.

गस्तीवरून आलेला एक ट्रॅकमन पाणी प्यायला थांबला. रेनकोट, बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत झेंडे आणि फटाके. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर असे शेकडो लोक दिवसरात्र कटिंगांवर आणि बोगद्यांच्या तोंडाशी फिरतात. मित्राने त्याला बोगद्याबद्दल विचारलं, आत सेट लागतो का? तो हसला. "तोंडाशी लागतो. आत बोलून बघा." मग सांगितलं की मार्गावर सरासरी दर किलोमीटरला इमर्जन्सी फोनचं सॉकेट आहे, तिथे फोन लावला की स्टेशन आणि कंट्रोल दोन्ही मिळतात. सेट नसला, मोबाइलला रेंज नसली तरी तार आहे.

रेल्वेला 2021मध्ये 700 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात स्वतःची जागा मिळालीय, सगळं बोलणं हळूहळू मोबाइलच्या धर्तीच्या नव्या जाळ्यावर जाईल, हे मित्राने त्याला समजावून सांगितलं. म्हणजे खिडकीतून ऐकू येणारा हा खरखरता सेटही एक दिवस जाणार, त्याची मित्राला हळहळ होती.

"आणि बोगद्यात लागेल ते?" ट्रॅकमनने विचारलं.

"आत केबल टाकली तर लागेल."

"मग लवकर आणा म्हणावं," असं म्हणून त्याने बाटली भरून घेतली आणि पिशवी खांद्यावर टाकून मास्तरच्या खोलीत सही करायला गेला. आतून मास्तरने आमच्या गाडीचा नंबर पुकारलेला ऐकू आला तसे आम्ही सामान उचललं.